आठवा वाटाड्या

मिस्त्रीने मलमाची जुनी डबी उघडली, आतले स्क्रू तळहातावर ओतले आणि मोजले. सात भरले. एकेक बाजूला सारत परत मोजले, तरी सातच. मोजून मोजून साताचे आठ होत नाहीत हे काय त्याला कळत नव्हतं? तरीही त्याने तिसऱ्यांदा मोजले.

"आक्का, या डबीला हात लावला होतास का?"

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. घरात दोघंच. मिस्त्रीची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि आक्का लग्नाच्या भानगडीत कधी पडलीच नव्हती. घरामागे कामाची खोली होती, तिच्या भिंतीवर फळ्या, फळ्यांवर काचेच्या बरण्या आणि बरण्यांमध्ये स्क्रू. हे सगळं खातं आक्काचं. चपट्या डोक्याचे वेगळे, गोल डोक्याचे वेगळे. एका खाचेचे इकडे, फुलीच्या खाचेचे तिकडे. डोक्याखाली बोटभर दांडी गुळगुळीत आणि खाली आटे, ते खरे लाकडाचे, दोन फळ्या एकमेकींना आवळून धरणारे. टोकापासून डोक्यापर्यंत आटे असलेले ते प्लायच्या कामाचे. आणि काळे, सडपातळ, ते जिप्समच्या बोर्डाचे. ते लाकडात घालून वजन टांगलं की मान टाकतात, म्हणून त्या बरणीला आक्काने लाल दोरा बांधून ठेवला होता. "दिसायला देखणे आणि ऐन वेळी कुचकामी," ती म्हणायची, "मला बघायला आलेला तो एक होता ना, तसे."

आत्ता ती खालच्या फळीवरची बरणी पुसत होती. तिने मानही वर केली नाही.

"तुझ्या वाटाड्यांना मी कशाला हात लावू? नीट मोज."

वाटाडे हा त्या घरातलाच शब्द. पितळी स्क्रू जातीचा मऊ. कडक सागवानात तो नुसताच पिळायला गेलं की अर्ध्यावर डोकं तुटून हातात येतं आणि धड आत राहतं, मग बसा पटाशीने उकरत. म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू साबण लावून आत घालायचा, लाकडात आटे पाडून घ्यायचे, तो बाहेर काढायचा आणि त्याच वाटेने पितळी अलगद आत सोडायचा. वडिलांनी हे शिकवलं आणि वडिलांनीच त्या लोखंडी स्क्रूंना वाटाडे म्हणायला सुरुवात केली. वाट दाखवायची आणि परत फिरायचं, एवढंच त्यांचं काम. दोन इंची वाटाडे आठ होते. गेली बारा वर्षं आठच होते.

"सात आहेत," मिस्त्री म्हणाला.

आता मात्र आक्काने फडकं खाली ठेवलं. कारण हे सात वाटाडे आज कुठून घरी आले होते ते तिला ठाऊक होतं.

मिस्त्री तीन आठवडे एका तपासणी केंद्रात काम करत होता. तिथे एमआरआयचं नवं मशीन बसवलं होतं. मशीन म्हणजे मोठ्या पिंपाएवढं चुंबक, आणि उद्या सकाळी अकरा वाजता ते चुंबक चालू होणार होतं. एकदा चालू झालं की ते बंद करत नाहीत, आणि खोलीत लोखंडाचा कणही चालत नाही. कात्री राहिली तर कात्री सुटते आणि मशीनच्या तोंडाकडे धावते, मध्ये कोण उभं आहे ते बघत नाही. मशीनशेजारच्या भिंतीवर उशा आणि पट्टे ठेवायला लाकडी मांडणी हवी होती. चार फळ्या, फळीला आठ, असे बत्तीस स्क्रू, सगळे पितळी. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सागवानाचंच लाकडी बूच, वरून घासून पॉलिश. हात फिरवला तर बूच कुठे आहे ते कळू नये अशी सफाई मिस्त्रीने साधली होती. त्या मांडणीवर तो स्वतःच खूश होता, आणि स्वतःवर खूश व्हायची त्याला फारशी सवय नव्हती.

खोलीच्या दारात वही होती. आत जाताना करवत, हातोडी, पटाशी, गिरमिट, सगळी लोखंडी हत्यारं वहीत लिहायची आणि बाहेर येताना एकेक टिक करायची. वही सांभाळायची तिथली तंत्रज्ञ, विशी-पंचविशीतली मुलगी. तिला मिस्त्रीने पहिल्या दिवशी मॅडम म्हटलं तर ती म्हणाली, "काका, मॅडम म्हणालात तर मागे कुणी मोठी मॅडम आली म्हणून मी वळून बघेन." तेव्हापासून ती पोरगी आणि तो काका.

आज काम संपल्यावर तिने छापील कागद पुढे केला होता. आत एकही लोखंडी स्क्रू वापरलेला नाही, असं त्यावर होतं. मिस्त्रीने खाली सही ठोकली. खोटं बोलतोय असं त्याच्या मनातही आलं नाही. वाटाडे स्क्रू नव्हतेच त्याच्या लेखी, ते हत्यार होते. आणि हत्यारांच्या यादीत ते लिहायचं डोक्यात आलं नाही, कारण एवढ्याशा स्क्रूला हत्यार कोण म्हणतं? इकडेही नाहीत आणि तिकडेही नाहीत, असे ते आठ जण खिशातून आत गेले होते. आणि सात बाहेर आले होते.

मिस्त्रीने कामाची पिशवी जमिनीवर उलटी केली. भुसा, पेन्सिलीचे तुकडे, सँडपेपर, साबणाची वडी. पँटचे खिसे बाहेर काढले. बुटांत हात घातला. पायऱ्यांवर, अंगणात, सायकलच्या कॅरियरवर, सगळीकडे बघून झालं.

"पितळी किती उरले? त्यावरून कळेल की," आक्का म्हणाली. "एक वाटाडा आत राहिला असेल तर एक पितळी जास्त उरेल."

"चाळीस नेले होते. काही मोडले, काही तिथल्या इलेक्ट्रिशियनने मागून नेले. किती ते कुणी मोजलेत?"

"शाबास."

"रस्त्यात पडला असेल."

"मग निवांत जेव."

तो जेवायला बसला आणि दोन घासांवर उठला. दुपारचं एकेक पाऊल तो आठवायला लागला. वरच्या दोन फळ्या सकाळीच झाल्या होत्या, त्यांच्याबद्दल शंका नव्हती. तिसरी चालू असताना इलेक्ट्रिशियनने दिवे घालवले होते. "पाचच मिनिटं, मिस्त्री," म्हणाला आणि तासभर गायब. सरस भिजवून तयार होता, सुकून वाया गेला असता, म्हणून मिस्त्रीने कॉरिडॉरमधून येणाऱ्या उजेडावर काम रेटलं. वाटाडा काढ, पितळी घाल, बूच ठोक. वाटाडा काढ, पितळी घाल, बूच ठोक. डोक्यांवर साबणाचा पांढरा थर होता. त्या उजेडात पितळ कुठलं आणि लोखंड कुठलं?

त्याने मुलीचा नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आत बंद केला. पुन्हा लावला, पुन्हा बंद केला.

"बोल तिच्याशी," आक्का म्हणाली.

"काय बोलू? पस्तीस वर्षं काम करतोय आणि कागदावर सही करून आलोय. तिने माझ्या सहीखाली सही केलीय, आक्का. काही न तपासता. म्हणाली, काकांनी सांगितलं म्हणजे झालं."

"म्हणूनच बोल."

"सकाळी जातो. समोरासमोर बघतो."

आक्काने त्याचं अर्धवट राहिलेलं ताट उचललं.

सकाळी साडेनऊलाच तो केंद्राच्या पायरीवर होता. खिशात आक्काच्या शिवणाच्या डब्यातलं चुंबक होतं, सांडलेल्या टाचण्या गोळा करायचं, रुपयाएवढं. त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं की गुपचूप आत जायचं, बत्तीस बुचांवरून चुंबक फिरवायचं, सापडला तर काहीतरी निमित्त सांगून काढायचा, नाही सापडला तर रस्त्यात पडला म्हणायचं. कुणाला कळायचं कारण नाही.

"काका! आज कसे काय?" मुलगी दारातच होती. नवा पांढरा कोट, त्याच्या बाहीची घडी अजून मोडली नव्हती.

"सहज. पॉलिश नीट वाळलं का बघतो."

तिने आत जाणाऱ्या प्रत्येकाचे खिसे रिकामे करून घ्यायला सुरुवात केली होती. दारात एक लांब दांड्याचं चुंबक ठेवलेलं होतं, ते ती सगळ्यांच्या अंगावरून फिरवायची. सफाईवाल्याच्या पट्ट्यापासून मोठ्या डॉक्टरांच्या पेनापर्यंत कुणाला सूट नव्हती. मिस्त्रीला मात्र ती म्हणाली, "जा काका, तुम्हाला काय बघायचं," आणि बाजूला झाली. खिशातलं चुंबक मिस्त्रीला एकदम जड वाटलं.

आत मशीन शांत उभं होतं. मिस्त्रीने पाठ दाराकडे केली, चुंबक दोन बोटांत धरलं आणि बुचांवरून फिरवायला लागला. वरची फळी, आठ. काही नाही. दुसरी, आठ. काही नाही. तिसरी. इथे त्याचा हात घामेजला. एक, दोन, तीन, चार. पाचव्यावर थोडं अडल्यासारखं झालं की बोटच घसरलं? परत फिरवलं. काही नाही. चौथी फळी गुडघ्यावर बसून बघितली. काही नाही, काहीच नाही.

"काका, काय शोधताय?"

ती मागे उभी होती. मिस्त्रीने मूठ मिटली.

"नाही गं. धार कुठे लागते का बघत होतो. पेशंटच्या हाताला लागायला नको."

"तुमच्या कामाला धार?" ती हसली. "चला, दहा वाजले. चुंबकवाले सगळ्यांना बाहेर काढतायत."

चुंबकवाले हे मिस्त्रीनेच ठेवलेलं नाव. मशीन बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर होता तो, उंच, घुमा, दर दहा मिनिटांनी घड्याळ बघणारा. तो काचेपलीकडे कागदांचा गठ्ठा घेऊन बसला होता. मिस्त्री बाहेर आला. काम झालं होतं. बत्तीसच्या बत्तीस तपासले होते, कुठेच काही लागलं नव्हतं. आता घरी जायचं आणि आक्काला सांगायचं, रस्त्यातच पडला. तो दारापर्यंत गेला. वळला. पाण्याच्या फिल्टरपाशी जाऊन पाणी प्यायला. परत दारापर्यंत गेला. टाचण्या उचलणारं चुंबक ते, करंगळीएवढं बूच मध्ये असताना त्याला खालचा स्क्रू कळतो का, हा प्रश्न त्याने सकाळपासून स्वतःला एकदाही विचारला नव्हता. मुद्दामच विचारला नव्हता.

काचेतून त्याला दिसलं, इंजिनियरने त्या छापील कागदावर बोट ठेवून मुलीला काही विचारलं. ती मांडणीकडे हात करून म्हणाली, आणि दार उघडं होतं म्हणून त्याला ऐकूही आलं, "ते आमच्या काकांनी केलंय. ते बघायची गरजच नाही."

मिस्त्रीला स्वतःची अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

"आहे," तो म्हणाला. शब्द भलताच मोठ्याने बाहेर आला. दोघांनी वळून बघितलं. "गरज आहे. चालू करू नका. माझा एक लोखंडी स्क्रू सापडत नाही."

मग त्याने सगळं सांगितलं. पितळी मऊ असतो इथपासून डबीतल्या सातापर्यंत, आणि मुठीतल्या चुंबकापर्यंत. सांगताना तो इंजिनियरकडे बघत होता, कारण मुलीकडे बघायचा धीर होत नव्हता.

इंजिनियरने घड्याळ बघितलं, कपाळावर आठ्या घातल्या, आणि कुणाला तरी फोन करून म्हणाला की अकराचं आज जमत नाही, कधी ते कळवतो. मग त्याने दारातलं लांब दांड्याचं चुंबक उचललं. वरची फळी. दुसरी. तिसऱ्या फळीच्या पाचव्या बुचावर चुंबक खट्कन चिकटलं आणि दांडा ओढला तरी सुटेना.

मिस्त्रीने हत्यारं मागून घेतली. या वेळी मुलीने वहीत एकेक लिहिलं, पटाशी एक, स्क्रू ड्रायव्हर एक, पितळी स्क्रू एक, आणि त्याने एकेक पुढे करून दाखवलं. बूच फोडायला पटाशी लावली तेव्हा ते निघेना, इतकं ते चोख बसलं होतं. शेवटी त्याचे तुकडे करावे लागले आणि फळीचीही एक कपची उडाली. आत पांढऱ्या साबणाखाली राखाडी डोकं होतं. मिस्त्रीने तो काढला, त्या वाटेने पितळी आत सोडला आणि लोखंडी मुलीच्या हातावर ठेवला.

"एवढ्याशाने खरंच काही झालं असतं का?" तिने इंजिनियरला विचारलं.

"लाकडाने धरून ठेवला असता कदाचित," तो म्हणाला. "कदाचित एखाद्या दिवशी नसताही. आणि या भिंतीच्या पुढेच पेशंटचं डोकं येतं. मला ते करून बघायचं नाही." त्याने जुना कागद फाडला आणि नवा पुढे केला.

मिस्त्रीने सही केली. मग कागद मुलीकडे गेला. तिने पेन उचललं, थोडा वेळ तसंच धरलं आणि खाली ठेवलं.

"मी आधी बघते," ती म्हणाली. "सगळे. तुम्ही बाहेर थांबा."

"अगं, आत्ताच तर सगळे..." इंजिनियर म्हणायला लागला.

"तुम्ही पाचव्यावर थांबलात. पुढचे कुठे बघितले?"

खरं होतं ते. मिस्त्री बाहेर जायला निघाला तर ती म्हणाली, "थांबा," आणि लांब दांड्याचं चुंबक त्याच्या अंगावरून फिरवलं. शर्टाचे खिसे, पट्टा, पँट, बुटापर्यंत. तो हात वर करून उभा राहिला. ती त्याच्याकडे न बघता, सफाईवाल्याला तपासावं तसं त्याला तपासत होती. त्यात काही चुकीचं नव्हतं, आणि ते त्याला फार लागलं. काका हा शब्द तिच्या तोंडून सकाळपासून किती वेळा आला होता आणि गेल्या अर्ध्या तासात एकदाही आला नव्हता, हे मोजल्याशिवाय त्याला राहवलं नाही.

तो दाराबाहेर उभा राहिला. आत ती एकटीच होती. प्रत्येक बुचावर चुंबक टेकवायची, थांबायची, उचलायची आणि वहीत आकडा लिहायची. घाई नाही. सतरा. अठरा. एकोणीस. मिस्त्रीचं एक मन म्हणत होतं की आता पुरे, उरलेले मी छातीवर हात ठेवून सांगतो, पितळीच आहेत. पण तो हात छातीपर्यंत जाईना. तेवीस. चोवीस. खालच्या फळीसाठी ती गुडघ्यांवर बसली, नव्या कोटाची पर्वा न करता.

अठ्ठाविसाव्यावर तिने चुंबक टेकवलं आणि लगेच उचललं.

"पोरी," तो दारातून म्हणाला, "तो परत बघ. नीट टेकला नाही."

तिने वळून त्याच्याकडे बघितलं. मग चुंबक परत अठ्ठाविसाव्यावर ठेवलं आणि या वेळी बराच वेळ तसंच धरून ठेवलं.